पाचशे किलोमीटर झाले की

“ह्यो बोल्ट कुनी आवळलाय?”

गाडीपाशी उकिडवा बसलेला म्हातारा मान वर न करताच बोलला. हातातला पाना खाली ठेवून त्यानं बोल्टवरून अंगठा फिरवला, नाडी बघावी तसा.

“माणूस हुता का कोन? इतकं आवळत्यात व्हय कुनी!”

अक्कलकोट रोडवरचं ते पत्र्याचं गॅरेज. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. दिपाली, माझ्या भावाची नात, नवी चेन आणायला कन्ना चौकात गेली होती. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून गेली दहा मिनिटं त्या म्हाताऱ्याकडे बघत होते. बोटं काळी म्हणून तो मनगटानं चष्मा वर सारत होता. पूर्वी चष्मा नव्हता. पण मनगटानं कपाळावरचे केस मागे सारायची सवय होती...

मी म्हटलं, “तुम्हीच.”

“काय?”

“तुम्हीच आवळलाय. अठ्ठ्याहत्तर साली.”

आता त्यानं मान वर केली. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पांढऱ्या केसांकडे. मग नजर खाली आली ती माझ्या हातांवर थांबली. नखांवर. माझ्या नखांवर काही नव्हतं, पस्तीस वर्षांत नव्हतं.

“टायपिंग...?” तो हळूच म्हणाला.

मी मान हलवली.

सहासष्ट वर्षांच्या बाईच्या छातीत असं धडधडू नये. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

*

मी मुद्दाम शोधत आले नव्हते, हे आधी सांगते. मी करकंबला राहते. अण्णा, माझा थोरला भाऊ, दोन वर्षांपूर्वी गेला. त्याची जुनी मोटरसायकल सोलापुरातल्या त्याच्या घराच्या मागच्या पडवीत चादरीखाली चाळीस वर्षं उभी होती. पंच्याऐंशी साली अण्णानं स्कूटर घेतली, पण पहिली गाडी म्हणून ही विकली नाही. दिपालीला पुण्यात नोकरी लागली आणि तिनं हट्टच धरला. आजोबांचीच गाडी घेऊन जाणार! इंजिन झालं, ब्रेक झाले, टायर झाले. फक्त पुढचं स्प्रॉकेट निघेना. स्प्रॉकेट म्हणजे इंजिनाला लागून असलेलं दातांचं छोटं चाक, ज्यावरून चेन फिरते. ते एका बोल्टनं बसवलेलं असतं. दोन गॅरेजवाल्यांनी त्या बोल्टचे कोपरे गोल केले आणि हात टेकले. तिसरा म्हणाला, ग्राइंडरनं कापू.

“कापायचा नाही,” मी म्हटलं. दिपाली बघतच राहिली. मी त्या दिवसांत तिच्याकडेच आले होते.

“आत्याआजी, बोल्टच आहे तो.”

“असू दे.”

मग तिला कुणीतरी सांगितलं, अक्कलकोट रोडला एक म्हातारा मिस्त्री आहे, अडलेली कामं तोच करतो. नाव काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही... का विचारलं नाही, देव जाणे. नुसतं म्हटलं, मीपण येते.

*

तेव्हा मी वीस वर्षांची होते. अक्कलकोट रोडवर एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझा टायपिंगचा क्लास होता. खाली रस्त्याला लागून कडुलिंब आणि लिंबाखाली गॅरेज. अण्णा गिरणीच्या ऑफिसात क्लार्क. सकाळी जाताजाता मला क्लासला सोडायचा. त्या दिवशी नेमकी त्या लिंबासमोरच चेन उतरली. आठवड्यातली चौथी वेळ.

गॅरेजमधून एक पोरसवदा मिस्त्री आला. सावळा, उंच. वाकून बघितलं आणि म्हणाला, “पुढचं स्प्रॉकेट गेलंय. दात बगा की, पार झिजल्यात.”

अण्णाला उशीर होत होता. तो म्हणाला, “ठेवतो गाडी. सुकन्या, क्लास सुटला की विचार गं, झाली का ते.” आणि पळत बस पकडायला गेला.

क्लास सुटला. मी खाली आले.

“झाली का गाडी?”

“कुनाची?”

“सकाळची. माझ्या भावाची.”

“तुमच्या भावाची व्हय... मग न्हाय झाली.”

“म्हणजे?”

“बोल्ट सुटंना.”

“ताकद कमी पडतीय वाटतं.”

त्यानं मनगटानं केस मागे सारले. “ताकद लई हाय. बोल्टला अक्कल कमी हाय.”

मला हसू आलं. ते दिसू नये म्हणून मी पदर नाकाला लावला, रॉकेलचा वास येतोय असं दाखवायला. वास येतच होता म्हणा. बोल्टवर रॉकेल ओतून ठेवलं होतं त्यानं.

दुसऱ्या दिवशीही सुटला नव्हता.

“दिवसभर वरनं खडखड येती,” तो म्हणाला, “त्यातली तुमची कुटली?”

“जी अडखळते ती.”

“वाटलंच. एक मशीन हाय, दर ओळीला एकदा थांबतंय. मी हितं पाना धरून वाट बगतो, आता वाजंल, आता वाजंल...”

“‘ळ’ सापडत नाही मला.”

“नगा सापडू द्या. लगीच वळखू येतं.”

त्याचं नाव शिवू. अक्कलकोटच्या पलीकडे गाव, घरी कानडी बोलायचे. वडील नव्हते, आई शेतात. एवढं मला तिसऱ्या दिवशी कळलं, कारण तिसऱ्या दिवशीही बोल्ट सुटला नाही. तो लिंबाखाली भाकरी खात बसला होता. शेंगांची चटणी पुढं केली.

“खाता का? जरा रॉकेलचा वास यील.”

मी चिमूटभर घेतली. खरंच रॉकेलचा वास येत होता. आजही शेंगांची चटणी खाताना मला तो वास येतो. करकंबला माझ्या सासूला मी हे कधी सांगू शकले नाही, की तुमच्या चटणीत काहीतरी कमी आहे ते काय.

चौथ्या दिवशी अण्णा चिडला. “एका बोल्टला चार दिवस? उद्या नाही झालं तर दुसरीकडं नेतो.”

मी जाऊन सांगितलं. शिवूचं तोंड उतरलं. मग तो म्हणाला, “एक उपाय हाय. पर दोघं लागत्यात.”

“म्हणजे?”

“बोल्ट फिरवला की त्येच्यासंगं चाकबी फिरतंय. म्हणून गाडी गिअरात घालायची, एकानं मागचा ब्रेक दाबून धरायचा आन् दुसऱ्यानं पाना वडायचा. एकट्यानं व्हायचं काम न्हाय ह्ये.”

पाचव्या दिवशी मी साडी सावरून त्या गाडीवर बसले. पाय ब्रेकवर. रस्त्यानं जाणारे बघत होते, पण मी कुणाकडं बघितलं नाही. शिवूनं पान्याला लांब पाइप लावला. माझ्या पायापासून त्याचं डोकं हातभर अंतरावर होतं. केसांत लिंबाचं एक वाळकं पान अडकलं होतं.

“दाबा!”

“दाबलाय.”

“आजून! लाजताय काय?”

“मी कशाला लाजू!”

“मग जोर कुटं गेला? ‘ळ’ शोधताय?”

मी रागानं अख्खं अंग ब्रेकवर टाकलं, त्यानं पाइप ओढला आणि... टक्. एवढासा आवाज. बोल्ट सुटला. आम्ही दोघंही हसलो, आणि मग एकाच वेळी गप्प झालो. कारण काम संपलं होतं.

त्यानं नवं स्प्रॉकेट बसवलं. बोल्ट हातात घेऊन थांबला.

“लाल रंग हाय का जरा?”

“माझ्याकडं कुठला रंग?”

त्यानं माझ्या नखांकडं बोट केलं. गड्ड्याच्या जत्रेत मी नेलपॉलिशची बाटली घेतली होती. आईला चालायची नाही, म्हणून ती पर्समध्येच असायची. क्लासमध्ये लावायची आणि घरी जाताना पुसायची. त्या दिवशी पुसायची राहिली होती.

“बोल्टच्या आट्यांवर रंगाचा थेंब टाकला की वाळून घट बसतंय. हादऱ्यानं सुटत न्हाय.”

मी बाटली उघडली. बोल्ट त्याच्याच हातात होता. मी ब्रशनं त्याच्या आट्यांवर लाल रंग लावला. मग त्यानं बोल्ट बसवला, पाइप लावला, आणि आवळला. मी पुन्हा ब्रेकवर. आवळतच राहिला. कपाळावरची शीर फुगली. शेवटी बोल्टखालची पत्र्याची पट्टी ठोकून त्याच्या अंगावर वाकवली.

“आता ह्यो बोल्ट तुमच्या लग्नापत्तुर सुटायचा न्हाय,” तो म्हणाला.

“माझ्या लग्नाचं तुम्हाला काय?”

तो हात पुसत राहिला. पुसून पुसून फडकं काळं झालं, हात तसेच.

“नवी चेन हाय, सैल पडंल. पाचशे किलोमीटर झाले की ताणावी लागती. तवा गाडी हिकडं पाठवा... पाठवा म्हंजे, तुमीबी या. तवर मी गावाकडं जाऊन आईशी बोलून येतो. मग मला एक विचारायचंय तुमाला.”

“आत्ताच विचारा की.”

“आत्ता हात काळे हायत.”

बस, एवढंच. आम्ही एकमेकांना कधी ‘तू’सुद्धा म्हटलं नाही.

*

मुलींनो, तुम्ही आता फोनवर निळ्या खुणांची वाट बघता. मी त्या गाडीच्या मीटरची वाट बघितली. अण्णा संध्याकाळी जेवायला बसला की मी अंगणात जाऊन मीटर बघायची, त्या दिवसापासून किती झाले ते मोजायची. साठ. एकशे दहा. एकशे नव्वद. अण्णाला एखाद्या रविवारी मोडनिंबला मावशीकडं जायला सुचवायची, तेवढेच किलोमीटर वाढतील म्हणून. माझी परीक्षा झाली, क्लास संपला. आता त्या रस्त्यानं जायला कारण उरलं नव्हतं. फक्त मीटर होता. तीनशे चाळीस. चारशे वीस. घरात करकंबच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं होतं, त्यांचं पत्रावर पत्र येत होतं. मी आईला म्हणायची, थांब ना जरा, एवढी काय घाई आहे!

मीटर चारशे ऐंशीवर असताना, रविवारी सकाळी मी अंगणात आले, तर अण्णा गाडीशी पाना घेऊन बसलेला.

“काय करतोयस?” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

“चेन ताणतोय. गाडी आणायला गेलो तेव्हा त्या मिस्त्रीनंच शिकवलं. म्हणाला, मागचं चाक एवढंसं सरकवायचं, घरीच होतंय, उगं फेरी कशाला. भला माणूस आहे.”

भला माणूस! मला सांगितलं ‘तुमीबी या’, आणि अण्णानं विचारल्यावर त्याला सगळं दाखवूनही दिलं. गिऱ्हाइकानं विचारलं आणि आपण सांगितलं नाही, असं त्याच्या स्वभावात नव्हतं.

त्या दुपारी सगळे झोपल्यावर मी पाना घेऊन गाडीपाशी बसले. ठरवलं होतं, तो बोल्टच ढिला करायचा. मग चेन उतरेल, मग न्यावीच लागेल. मी जोर लावला. दोन्ही हातांनी लटकले. तळहाताची कातडी निघाली. बोल्ट केसभरसुद्धा हलला नाही. ती वाकवलेली पट्टी आधी सरळ करावी लागते, ब्रेकवर दुसरं माणूस लागतं, हे सगळं मला माहीत होतं. तरी एकटीच ओढत होते... आणि रडत होते, तोंडात पदर घालून.

तो बोल्ट सुटला नाही. त्यानं शब्द दिल्याप्रमाणे माझ्या लग्नापर्यंत सुटला नाही.

*

“तुमी आला न्हाईत,” म्हातारा शिवू म्हणाला. तो अजून उकिडवाच होता, हातात पाना तसाच.

“अण्णाला चेन ताणायला कुणी शिकवलं?”

त्यानं कपाळावर मनगट मारलं. “अय्यो... त्येनं इचारलं म्हणून... मला वाटलं, गाडी न आणता तुमी नुसत्याच याल.”

“कारणाशिवाय?”

“मी दिवाळीपत्तुर वाट बगितली. ह्या गाडीचा आवाज मला वळखू यायचा. रस्त्यानं एकदा गेलीबी, अण्णा एकटेच. आपला हात वर केला त्येंनी.” तो थांबला. “दोन मैलांवर तर घर हुतं तुमचं.”

“तुम्हालाही दोन मैलच होतं.”

रस्त्यावरून एक उसाची ट्रॉली गेली, आम्ही दोघंही ती पार दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.

“बसा,” तो अचानक म्हणाला. “ब्रेक दाबा. पोरगी यायच्या आत सोडवू.”

गुडघे दुखतात माझे. तरी मी चढले. त्यानं आधी छिन्नीनं ती पट्टी सरळ केली, बोल्टभोवती आगीची ज्योत फिरवली, मग गोल झालेल्या कोपऱ्यांवर हातोड्यानं ठोकून घट्ट सॉकेट बसवलं. पाइप लावला. त्याच्या हातांना कंप होता. पाइपला हात लागला की तो कंप जात होता.

“दाबा.”

“दाबलाय.”

“आजून.”

“आता एवढाच जोर उरलाय, मिस्त्री.”

तो हसला. पुढचे दोन दात नव्हते. “एक सांगू का? तवा तो बोल्ट दुसऱ्याच दिवशी सुटला हुता.”

“काय!”

“सोडवला आन् परत बसवला. तिसऱ्या दिवशीबी तसंच. तुमी खाली याव्यात म्हणून.”

“आणि मी रस्त्यावर साडी सावरत ब्रेकवर बसले, ते?”

“ते नाटक,” तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा लाजला. “आधी बोटानं ढिला करून ठिवला हुता.”

मी हसले. खूप दिवसांनी इतकी हसले.

“म्हणजे खोटं बोलता येत होतं तुम्हाला. मग शेवटी तो बोल्ट थोडा ढिला ठेवता आला नाही? एवढासा? मी दुपारभर ओढत होते हो त्याला... हातांची सालं निघाली. तुम्ही थोडं कच्चं काम केलं असतंत तर...”

मी ब्रेकवर पाय ठेवूनच डोळे पुसले.

त्यानं पाइप सोडला नाही. माझ्याकडं बघितलंही नाही.

“खोटं बोलल्यानं कुनी गाडीवरनं पडत न्हाय,” तो म्हणाला. “बोल्ट ढिला ऱ्हायला की पडतंय. मागं तुमी बसणार हुता की त्या गाडीवर.”

आणि त्यानं ओढलं. मी डोळे मिटून ब्रेक दाबला. टक्.

तोच आवाज. एवढासा.

त्यानं बोल्ट बाहेर काढला आणि फडक्यावर ठेवला. डोक्याचे कोपरे गेलेले, वर गंज. पण आट्यांच्या आत, खोल, लाल. गड्ड्यातल्या बाटलीचा लाल, जराही न उडालेला.

मी तो उचलला. अजून कोमट होता. रुमालात गुंडाळला आणि मुठीत धरून बसले.

“ह्या खेपेला जरा ढिला ठेवा की,” मी म्हटलं. चेष्टाच होती. अर्धी.

“ब्याड, ब्याड,” तो कानडीत नको नको म्हणाला. डोळ्यांवरून मात्र माझं ऐकावंसं वाटत होतं त्याला. “नात बसणार हाय की हिच्यावर.”

*

दिपाली चेन घेऊन आली. पाठोपाठ गॅरेजमागच्या घरातून एक बाई चहा घेऊन आली. ठेंगणी, गोरी, कपाळावर भस्माच्या पुसट रेघा. मल्लव्वा, शिवूची बायको. “कुंद्री, कुंद्री, बसा,” म्हणत तिनं माझ्या हातात कप दिला, खुर्ची सावलीत ओढली, दिपालीच्या उन्हानं लाल झालेल्या तोंडावरून हात फिरवला. पाच मिनिटांत ती मला माझ्या मावशीसारखी वाटायला लागली.

शिवूनं नवा बोल्ट काढला. मल्लव्वानं न सांगता चोळीतून एक छोटी बाटली काढून त्याच्यापुढं ठेवली. लाल नेलपॉलिश.

“बगा की ह्येंचं सोंग,” ती मला म्हणाली. “लगीन झाल्यापासनं बघतीय. सगळ्या जगात रंग लावत्यात, कायबी लावत्यात, ह्येंला ह्योच पायजे. लालच! बांगडीवाल्याकडनं मीच आणती. तो इचारतो, मल्लव्वा, ह्या वयात नटतीस व्हय गं?” ती खदखदून हसली. “मी म्हणती, माज्या बोटास्नी कवा न्हाय लागलं बाबा. बोल्टास्नी लागतंय.”

दिपाली हसली. शिवू मान खाली घालून आट्यांवर रंग लावत होता.

मी तिच्या हातांकडं बघितलं. भांडी घासून, शेण काढून झिजलेली, साधी नखं. चव्वेचाळीस वर्षं ती बाटल्या आणत होती.

“नाव काय म्हणालात तुमचं?” तिनं मला विचारलं.

मी चहाचा घोट गिळेपर्यंत शिवू बोलून गेला होता, “सुकन्या.”

मी नाव सांगितलं नव्हतं. दिपालीनं सांगितलं नव्हतं. तिच्या तोंडी आत्याआजीच होतं. सेहेचाळीस वर्षांत त्यानं माझं नाव पहिल्यांदा घेतलं, आणि ते अण्णाच्या तोंडून एकदाच ऐकलेलं. आवाज असा होता, की रोज आत कुठंतरी घेत असावा.

मल्लव्वाचं हसू तसंच राहिलं, पण त्यातून काहीतरी निघून गेलं. तिनं त्याच्याकडं बघितलं. मग बाटलीकडं. मग माझ्या मुठीकडं. रुमाल सैल झाला होता आणि जुन्या बोल्टचे लाल आटे बाहेर दिसत होते.

“असं व्हय,” ती म्हणाली.

एवढंच. रिकामे कप उचलायला लागली. माझा अर्धा भरलेला कपही तिनं उचलला.

मी सेहेचाळीस वर्षं समजत होते की त्या बोल्टपायी माझंच काय ते गेलं. त्या पत्र्याखाली मला कळलं, की आणखी एका बाईचं जात होतं, रोज थोडं थोडं, आणि ते तिनं स्वतःच्या हातानं आणून दिलं होतं.

शिवूनं बोल्ट बसवला. दिपालीनं ब्रेक दाबला. तो पाइप लावून आवळत राहिला, तसाच, शीर फुगेपर्यंत. पट्टी वाकवली. फडक्यानं हात पुसत उभा राहिला आणि दिपालीकडं बघत, पण मला म्हणाला,

“नवी चेन हाय. पाचशे किलोमीटर झाले की ताणावी लागती. तवा गाडी घिऊन...”

“तिला शिकवा,” मी म्हटलं.

तो थांबला.

“चेन ताणायला आत्ताच शिकवा तिला. पुण्याहून एवढ्यासाठी कुठं येणार? मागचं चाक एवढंसं सरकवायचं, घरीच होतं.”

घराच्या दारात मल्लव्वा कप घेऊन उभी होती. ती ऐकत होती. शिवूनं माझ्याकडं बघितलं. हात काळे असतानाच तो प्रश्न विचारून टाकायला हवा होता, असं म्हणणारी एक नजर. मी ती नजर घेतली नाही. दिपालीच्या हातात पाना दिला.

त्यानं तिला शिकवलं. नीट शिकवलं. कुठला नट आधी, किती फेरे, दोन्ही बाजू सारख्या कशा बघायच्या. काही लपवलं नाही. त्याचा स्वभावच नव्हता.

गॅरेजच्या कोपऱ्यात भंगाराचा डबा होता. जाताना मी रुमाल सोडला आणि तो बोल्ट त्यात टाकला. टण् आवाज आला. शिवू पाठमोरा होता. तो वळला नाही, पण हात पुसणारं फडकं थांबलं.

मी मल्लव्वापाशी गेले. तिनंच माझ्या हाताला हात लावला. “सावकाश जावा,” ती म्हणाली. ‘परत या’ म्हणाली नाही.

मी दिपालीच्या मागे बसले. गाडी सुरू झाली. अक्कलकोट रोड आता किती रुंद झालाय, आमच्या क्लासची इमारत कुठं होती तेही कळत नाही. मी कान देऊन ऐकत होते. स्प्रॉकेटचा खडखडाट, चेनची कुरकुर, काहीतरी. निदान सात रस्ता चौकापर्यंत एकदा तरी.

कुठं जरासुद्धा आवाज नव्हता. काम चोख झालं होतं.